कावसजी : पुण्यात नवं नाक मिळालेला बैलवाला (जीवनपरिचय)



आजच्या जीवनपरिचयातला माणूस राजा नाही, संत नाही, समाजसुधारकही नाही. तो बैल हाकायचा. तरीसुद्धा प्लास्टिक सर्जरी शिकणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांना त्याचं नाव माहीत असतं आणि त्यांच्या पुस्तकांत त्याचं चित्र असतं. आपण मात्र पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण अशा पुण्याच्या अगदी अंगणात राहतो आणि आपल्याला तो ठाऊक नसतो. त्याचं नाव कावसजी.

हा पाठ निवडण्यामागे एक कारण आहे. आपला पट्टा कारखान्यांचा. प्रेस मशीन, भट्टी, वेल्डिंग, ॲसिडची टाकी हे शब्द आपल्या मुलांच्या घरात रोजच्या बोलण्यात असतात. त्यात एका खोलीतले संसार, जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह किंवा शेगडी, बादलीत सोडलेली हीटरची रॉड. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादं मूल असं सापडतं, ज्याच्या हातावर, मानेवर किंवा गालावर भाजल्याचा नाहीतर मोठ्या जखमेचा व्रण असतो. पालकसभेत त्या मुलाची आई सगळे गेल्यावर मागे थांबते आणि हळूच विचारते, याचं काही ऑपरेशन होतं का, आणि होत असेल तर कधी करायचं, आत्ता की मोठं झाल्यावर? कावसजीच्या गोष्टीतून या प्रश्नाला चांगला हात घालता येतो.

आधी नावाविषयी. कावसजी म्हटलं की आपल्याला पारशी माणूस वाटतो. पण त्याची हकीकत ज्या इंग्रजी मासिकात छापली गेली, तिथे तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडची नावं इंग्रजांच्या कानातून आणि लेखणीतून गेली की काय होतं ते आपण किरकी आणि पूना यांवरून जाणतोच.

लढाई आणि बैल

१७९० ते १७९२ या काळात म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे असे तिघे एकत्र लढत होते. इतिहासात याला तिसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध म्हणतात. वर्गात शिकवताना आपण सेनापतींची नावं सांगतो, तहाच्या अटी पाठ करून घेतो. पण ती लढाई खरी चालली बैलांच्या पायांवर. तोफा, दारूगोळा, तांदूळ, तंबू, सगळं बैल वाहायचे.

१७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी जाऊन पोचला होता. पण चारा संपला, बैल पटापट मेले, आणि तोफा ओढायला जनावरंच उरली नाहीत. शेवटी त्याने आपल्या मोठ्या तोफा आपल्याच हाताने निकामी करून माघार घेतली. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा नेमक्या त्याच सुमारास येऊन मिळाल्या आणि त्यांच्या बाजारामुळे उपाशी इंग्रज फौजेच्या पोटात अन्न गेलं. अशा लढाईत बैल हाकणारा माणूस म्हणजे साधा गडी नव्हे. तो शत्रूच्या हाती लागला तर त्याची काय गत होत असेल, हे कावसजीवरून कळतं.

तो इंग्रजांच्या फौजेत बैलवाला होता. टिपूच्या लोकांनी त्याला कैद केलं, त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ असलेल्या मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. १७९२ च्या मार्चमध्ये तह झाला, टिपूला निम्मं राज्य आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीकडून पेन्शन सुरू झालं.

इथे वर्गात एक काळजी घ्यावी असं मला वाटतं. नाक कापण्याची शिक्षा ही कुण्या एका राजाची किंवा एका धर्माची नाही. शूर्पणखेची गोष्ट आपल्या मुलांना पहिलीपासून माहीत असते. चोरी, व्यभिचार, फितुरी, कशालाही ही शिक्षा आपल्या देशात शेकडो वर्षं दिली गेली. आणि म्हणूनच तुटलेलं नाक पुन्हा बसवणारे हातही आपल्याच देशात तयार झाले. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करण्याची पद्धत दिलेली आहे.

नाकाशिवाय एक वर्ष

नाक कापलं जाणे, नाक राखणे, नाकाला मिरच्या झोंबणे, नाक मुठीत धरून येणे. परीक्षेत आपण हे वाक्प्रचार मुलांना वाक्यात उपयोग करायला देतो. आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू. ज्याचं नाक खरोखर कापलेलं आहे त्याच्याकडे बघून लोक काय समजत असतील? शत्रूने कापलं की गावाने, हे अनोळखी माणसाला कळायला मार्गच नव्हता. त्यामुळे कावसजीने लढाईत भोगलेली जखम चारचौघांत गुन्ह्याची खूण दिसत असणार. चेहऱ्यावरच्या व्रणाचं हेच दुखणं आहे. तो ज्याच्या अंगावर असतो त्याला त्याची गोष्ट ठाऊक असते, आणि बघणारा मात्र आपली वेगळीच गोष्ट रचतो. पाचवीतल्या मुलीच्या गालावरचा व्रण बघून बाकावरचं पोरगं काय नाव ठेवेल ते तुम्हाला माहीत आहे, मला इथे लिहायचं नाही.

अशा चेहऱ्याने कावसजी बारा महिन्यांहून जास्त काळ राहिला. ते वर्ष त्याने कसं काढलं असेल ते असेल, पण वैद्यकाच्या दृष्टीने ते फुकट गेलं नाही. जखम बाहेरून बंद झाली म्हणजे आतलं काम संपलं असं नसतं. पहिले काही महिने व्रण लाल, टणक, वर आलेला असतो. तो खाजतो, कधी दुखतो, आणि पालक घाबरून जातात की हा वाढतच चालला आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आसपास तो सगळ्यात वाईट दिसतो असा अनेकांचा अनुभव. मग हळूहळू आतले धागे नव्याने रचले जातात, लाली ओसरते, व्रण मऊ आणि सपाट होत जातो. याला साधारण वर्ष लागतं. लहान मुलांत आणि भाजलेल्या जखमांत त्याहूनही जास्त. म्हणून निव्वळ दिसण्यासाठी व्रणाचं ऑपरेशन करायचं असेल तर प्लास्टिक सर्जन बहुतेक वेळा सहा महिने ते एक वर्ष थांबायला सांगतात. कच्च्या व्रणावर कात्री चालवली तर नवा व्रणही तसाच लाल आणि जाड होण्याची शक्यता असते.

पण ऑपरेशनसाठी थांबायचं याचा अर्थ डॉक्टरकडे जायला थांबायचं असा नाही! आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. जखम नीट भरली की लगेच कामाला लागायचं असतं. दिवसातून दोन-तीनदा मालिश, डॉक्टरने सांगितली तर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी (ही दिवसाचे बारा तास किंवा जास्त, आणि काही महिने सलग लावावी लागते), मोठ्या भाजण्यात अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे, आणि उन्हापासून जपणं. आपल्या सावळ्या कातडीवर ऊन लागलं की ताजा व्रण काळा पडतो आणि तो काळेपणा लवकर जात नाही. लिंबू चोळणं, टूथपेस्ट थापणं याने फायदा नाही, उलट आग होऊन व्रण चिडतो.

पुण्याजवळचा विटा पाडणारा

१७९३ च्या मार्चच्या सुमाराला पुण्याजवळ कावसजीला नवं नाक मिळालं. ते करणारा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतला होता. तो वैद्य म्हणून शिकलेला नव्हता, पण ही कला त्याच्या हातात होती. त्याचं नाव त्या काळच्या कागदांत कुणी लिहून ठेवलं नाही. चित्रकाराचं नाव आहे, पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांचं आहे, रोग्याचं आहे. नाक करणाऱ्याचं तेवढं नाही.

टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी हे ऑपरेशन होताना पाहिलं होतं. त्यांनी सांगितलेला क्रम असा. आधी मेणाची पातळ चपाती घेऊन तुटलेल्या नाकाच्या थुटावर बसवायची आणि तिला नाकाचा आकार द्यायचा. आकार मनासारखा आला की ती चपाती काढून सपाट करायची आणि कपाळावर ठेवायची. तिच्या कडेने रेघ मारायची. आता कपाळावर जो नकाशा तयार झाला, तेवढी कातडी सोडवून घ्यायची, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळा भाग तसाच ठेवायचा. फळ झाडावर देठाने लटकतं, तशी ही कातडी त्या देठाने चेहऱ्याला जोडलेली राहते आणि देठातून तिला रक्त मिळत राहतं.

मग नाकाच्या थुटावर जुना व्रण होता तो कापून ती जागा ताजी करायची. ही पायरी मला फार महत्त्वाची वाटते. वाळलेल्या व्रणाला नवी कातडी चिकटत नाही. दोन ताज्या कडाच एकमेकींना धरतात. त्या ताज्या जागेच्या मागे एक खाच पाडायची, ती नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत न्यायची. कपाळाची कातडी खाली आणायची, देठाशी अर्धा पीळ द्यायचा म्हणजे बाहेरची बाजू बाहेरच राहते, आणि तिच्या कडा त्या खाचेत बसवायच्या. वरून लेप कशाचा? काताचा. आपण विड्याला लावतो तोच कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. टाके नाहीत. चार दिवस दुसरं काहीही लावायचं नाही. त्यानंतर तुपात भिजवलेल्या चिंध्या. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे घालायचे. साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापायचा आणि थोडं काटछाट करून नाकाला रूप द्यायचं.

भूल देण्याची पद्धत जगात १८४६ नंतर रूढ झाली. म्हणजे हे सगळं चालू असताना कावसजी जागा होता. एक हात गेलेला, पाठीवर पडलेला.

पंचवीस दिवस का? तोवर नव्या कातडीला खालच्या जागेतून स्वतःचं रक्त मिळू लागलेलं असतं, आणि देठ तोडला तरी ती जगते. आजही सर्जन कपाळाच्या कातडीने नाक करतात तेव्हा देठ सुमारे तीन आठवड्यांनीच सोडवतात. विटा पाडणाऱ्या माणसाला रक्ताभिसरणाची आकृती कुणी फळ्यावर काढून दाखवली नव्हती, पण आकडा त्याला बरोबर ठाऊक होता. आजच्या रुग्णांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते : तंबाखू, मिश्री, बिडी यांनी बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि लावलेली कातडी काळी पडू शकते. ऑपरेशन ठरलं असेल तर घरातल्या आजीची मिश्रीसुद्धा बंद, म्हणजे ऑपरेशन तिचं असेल तर!

कपाळावरचा व्रण

नवं नाक घट्ट बसलं आणि जवळजवळ खऱ्यासारखं दिसू लागलं. पण कपाळाची कातडी गेली तिथे काय झालं? तिथे व्रण राहिला. काळ गेल्यावर तो फारसा नजरेत भरत नाही, अशी नोंद त्या इंग्रजी हकीकतीत आहे. फारसा भरत नाही, म्हणजे होता. कावसजीने एक व्रण देऊन दुसरा घेतला. मधल्या मध्ये त्याला नाक मिळालं.

पालकहो, प्लास्टिक सर्जरीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे निघून जायला हवा. सर्जन व्रण पुसत नाही. खोडरबर कुणाकडेच नाही. रुंद व्रण बारीक करता येतो, सुरकुतीच्या रेषेत लपवता येतो, ओढणारा व्रण इंग्रजी झेड अक्षरासारखे छेद घेऊन लांब आणि सैल करता येतो, किंवा खराब कातडी काढून मांडीची कातडी लावता येते. मांडीवर मग खूण राहते. सौदा फायद्याचा आहे का, एवढंच बघायचं. ज्या जाहिरातीत डाग संपूर्ण गायब होईल असं म्हटलेलं असतं, ती पाहून पैसे भरू नका.

काही व्रणांच्या बाबतीत तर नुसतं कापणं हा सौदा तोट्याचा ठरतो. केलॉइड नावाचा प्रकार तुम्ही पाहिला असेल. कान टोचलेल्या जागी, छातीवर, खांद्यावर चिंचोक्यासारखी चकचकीत गाठ येते आणि मूळ जखमेच्या बाहेर पसरत जाते. साधा फुगलेला व्रण जखमेच्या हद्दीत राहतो आणि पुढे बसतोही. केलॉइड हद्द ओलांडतो आणि आपण होऊन सहसा जात नाही. नुसता कापला तर बऱ्याचदा पहिल्याहून मोठा होऊन परत येतो. त्याला स्टेरॉइडची इंजेक्शनं, दाब, सिलिकॉन असे उपाय जोडीला लागतात. त्यामुळे कान टोचल्यावर गाठ वाढताना दिसली की सोनाराकडे किंवा पार्लरमध्ये न जाता त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे लवकर जावं.

चित्र लंडनला गेलं

त्या वेळी पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते, कारभार नाना फडणवीसांचा, आणि संगमावर कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट राहत होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात काम करत होता. पेशवे आणि नाना यांची आपण पुस्तकांत पाहतो ती प्रसिद्ध चित्रं त्याचीच. त्याच वेल्सने जानेवारी १७९४ मध्ये, ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी, कावसजीचं चित्र काढलं. पेशव्यांचं चित्र काढणाऱ्या हाताने बैलवाल्याचं चित्र काढावं, हे मला फार आवडतं.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ही हकीकत आकृत्यांसह छापून आली. ती जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनला महत्त्वाची वाटली. त्याने मृतदेहांवर सराव केला आणि योग्य रुग्णाची वीस वर्षं वाट पाहिली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक पुण्याच्या पद्धतीने केलं, नंतर दुसऱ्या एकाचं. १८१६ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि युरोपभर ही पद्धत भारतीय पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफे या सर्जनने नाक बनवण्याच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावात प्लास्टिक हा शब्द आला. वर्गात मुलं हमखास विचारतात, प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक लावतात का? नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मातीसारखा आकार देणे. आणि कावसजीला आकार देणारा माणूस होता मातीच्या विटा पाडणारा. भाषेच्या तासाला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

हाताचं काय?

नाक झालं, पण तुटलेला हात काही परत आला नाही. एका हाताने बैल हाकणं कठीणच. त्याचं घर चाललं ते कंपनीच्या पेन्शनवर. चित्राच्या कौतुकात हे आपण विसरून जातो. चेहरा लोकांच्या नजरेसाठी असतो, हात भाकरीसाठी.

आपल्या पट्ट्यातल्या मुलांबाबत मला हेच तळमळून सांगायचं आहे. आपण व्रणाकडे चेहरा म्हणून बघतो आणि हात म्हणून बघत नाही. मुलगी वीस वर्षांची झाली, स्थळं यायला लागली की घरचे गालावरच्या डागासाठी धावपळ करतात. तीच मुलगी सहा वर्षांची असताना तिची करंगळी तळव्याला चिकटत चालली होती, तेव्हा मात्र मोठी झाली की बघू असं म्हटलं गेलेलं असतं. खरं म्हणजे उलट हवं. डाग थांबू शकतो, बोट थांबू शकत नाही. व्रणाची कातडी आखडत जाते आणि ती मुलाच्या हाडाबरोबर वाढत नाही. हाड वाढतं, व्रण ओढून धरतो, सांधा वाकडा होतो, आणि काही वर्षांनी नुसती कातडी सोडवून भागत नाही.

म्हणून बारा महिन्यांचा हिशोब इथे लावू नका. बोटं, कोपर, काख, गुडघा सरळ होत नसेल. मान भाजल्यावर हनुवटी खाली ओढली जात असेल. तोंड पूर्ण उघडत नसेल. तर त्याच महिन्यात प्लास्टिक सर्जनला दाखवा. तो लगेच ऑपरेशन करेलच असं नाही, आधी स्प्लिंट आणि व्यायाम देईल, पण वेळ हातात राहील. पापणी ओढली जाऊन डोळा मिटत नसेल तर महिनाही थांबू नका, बुबुळ कोरडं पडून नजर जाऊ शकते. भाजलेली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर ती खोल आहे असं समजा आणि मलमपट्टीवर दिवस काढू नका. वेळेवर कातडी लावली तर पुढचा जाड व्रणच टळतो. आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या जुन्या भाजल्याच्या व्रणावर नवी जखम झाली आणि ती भरतच नाही असं दिसलं, तर तपासणी करून घ्या, क्वचित तिथे कॅन्सर निघतो.

शिक्षकांना हे आईबापांच्या आधी दिसू शकतं. पेन्सिल विचित्र धरणारं मूल, पीटीच्या तासाला हात पूर्ण वर न करणारं मूल, मे महिन्यातही फुल बाह्यांचा शर्ट घालणारं मूल. त्याला सगळ्यांसमोर विचारू नका. आई घ्यायला येईल तेव्हा बोला, आणि मुलाला काय वाटतं तेही ऐका. कधी कधी मुलाला व्रणाचं काहीच वाटत नसतं आणि ऑपरेशनची घाई मामा-मावशीला असते. अशा वेळी दिसण्याचा प्रश्न मुलाला स्वतःला कळेपर्यंत ठेवला तरी चालतो, हालचालीचा नाही.

जायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. वडिलांचं ईएसआय कार्ड असेल तर त्यावर बायकामुलांनाही उपचार मिळतात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे, तिथून पुढची चिठ्ठी मागता येते. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपलं वायसीएम, आणि पुण्यात ससून आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्याचे आणि प्लास्टिक सर्जरीचे काही उपचार बसतात, रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. खासगी विमा असेल तर एक लक्षात ठेवा : निव्वळ दिसण्यासाठीचं ऑपरेशन विमा कंपन्या सहसा नाकारतात. कोणती हालचाल अडते आहे, किती अडते आहे, हे डॉक्टरांकडून कागदावर स्पष्ट लिहून घ्या.

जाताना जखमेची तारीख, आधीचे कागद आणि फोटो न्या. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, बाजूला पट्टी धरून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायचा. व्रण बसतो आहे की चढतो आहे, ओढतो आहे की सैल होतो आहे, हे सर्जनला त्या सहा-सात फोटोंवरून एका नजरेत कळतं.